चौघांची बरणी

स्फटिकाचा एक कोपरा बोथट झाला होता. फार नाही. नुसत्या नजरेला तो अजून टोकदारच वाटला असता. पण भिंगाखाली धरल्यावर, जिथे कडा एका बिंदूत येऊन मिळायला हव्यात, तिथे इवलीशी गोलाई दिसत होती, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी. तिने गाळणकागदाने खडा अलगद टिपला, दोऱ्याला धरून उजेडात फिरवला आणि पुन्हा पाहिलं. दुसरा कोपराही तसाच. वाढणाऱ्या स्फटिकाचे कोपरे धारदार असतात. विरघळणारा स्फटिक आधी कोपऱ्यांतूनच जातो. म्हणजे तुरटीचा हा खडा, जो दिवसेंदिवस मोठा व्हायला हवा होता, तो लहान होत होता.

घरी तिला सगळे धाकटी म्हणत. कॉलेजात गेल्या वर्षी तिला दुसरंच एक नाव पडलं होतं, ते तिला आवडत नसे, म्हणून आपणही धाकटीच म्हणू.

धाकटीने खडा परत बरणीत सोडला. दोरा पेन्सिलीला बांधलेला होता आणि पेन्सिल बरणीच्या तोंडावर आडवी ठेवलेली होती. भिंतीवर आलेखाचा कागद होता. सुरुवातीला आलेख शहाण्या मुलासारखा वर वर गेला होता. मग त्याला काय झालं कोण जाणे. एक दिवस वर, दोन दिवस खाली, पुन्हा वर, जुन्या करवतीच्या दातांसारखा.

"काय म्हणतोय आपला हिरा?" मागून बातमीदाराचा आवाज आला.

बातमीदार तिच्या गटातला. कॉलेजात कुठे काय शिजतंय ते याला आधी कळे, आणि त्याला कळलं की पाच मिनिटांत सगळ्यांना कळे.

"कमी झालाय," धाकटी म्हणाली.

"पुन्हा?"

"पुन्हा."

"बरं बरं," तो म्हणाला, आणि तिला वाईट वाटेल म्हणून लगेच पुढे म्हणाला, "पण दिसतो छान हं."

हा गट जमला तो मॅडमच्या एका तऱ्हेवाईक पद्धतीने. सत्राच्या पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायला लावली आणि स्वतः खिडकीशी चहा पीत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी गट फळ्यावर लिहिलेले. मैत्रिणी फुटल्या, बाकावरचे शेजारी फुटले. कुणाला काही उलगडेना. हजेरीच्या क्रमाने म्हणावं तर तसं नाही, मार्कांप्रमाणे म्हणावं तर तेही नाही. शेवटी बातमीदारानेच बातमी आणली: "अरे, त्या बघत होत्या कोण कसं धुतं ते! एका गटात चार तऱ्हेचे धुणारे."

"मग मी कुठल्या तऱ्हेचा?" लांब्याने विचारलं होतं. लांब्या उंच होता, म्हणून लांब्या. बोलणं कमी, हात सतत चालू.

"तू दणादण. दोन बीकर फोडलेस की."

"एक. दुसरा आधीच तडकलेला होता."

"आणि मी?" ताईंनी विचारलं. ताई या तिघांपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. सकाळी औषधांच्या दुकानात काम करून दुपारी कॉलेजला यायच्या. शिक्षण मध्ये सुटलं होतं ते पुरं करत होत्या.

"ताई, तुम्ही तर स्वच्छ बाटल्यासुद्धा धुतल्यात. मी गप्पा मारत धुतलं. आणि ही..." त्याने धाकटीकडे पाहिलं आणि जीभ चावली.

धाकटीला ठाऊक होतं तो काय म्हणणार होता. तिने त्या दिवशी स्वतःच्या वाटणीची भांडी धुतली होती आणि मग, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, शेजारणीने धुतलेली चार भांडी पुन्हा विसळली होती.

विषय आणि गटप्रमुख गटानेच ठरवायचे होते. विषय लगेच ठरला: तुरटीचा एकसंध, मोठा, स्वच्छ स्फटिक वाढवायचा आणि त्याची वाढ मोजायची. धाकटीने शाळेत असताना असा एक वाढवला होता, पण हे तिने फार सांगितलं नाही. प्रमुखाचं मात्र भिजत घोंगडं पडलं.

"ताई, तुम्ही व्हा, तुम्ही मोठ्या."

"नको गं, मी अर्धा वेळ दुकानात. लांब्या होऊ दे."

"मी? मला बोलता येत नाही. हा होईल."

"मी झालो तर सगळं कॉलेजभर होईल. ही होऊ दे ना."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं होतं. आणि धाकटी म्हणाली होती, "प्रमुख कशाला लागतो? आपण चौघं आहोतच की."

ते वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की लांब्यानेसुद्धा टाळी दिली. तिला स्वतःला मात्र ते आवडलं नाही, कारण तिला प्रमुख व्हायचं होतं. नुसतं व्हायचं होतं असं नाही. बरणी कुठे ठेवावी, द्रावण किती गाळावं, दोरा कुठला घ्यावा, हे सगळं तिच्या डोक्यात आखून तयार होतं. पण गेल्या वर्षी ती प्रमुख झाली होती. त्या गटात तिची अगदी जिवाभावाची मैत्रीण होती, पहिलीपासूनची. वर्षाच्या शेवटी गट मोडला, प्रकल्प कसाबसा पास झाला, धाकटीला 'हेडमास्तरीण' हे नाव मिळालं आणि मैत्रीण बोलेनाशी झाली. आता ती पलीकडच्या टेबलावरच्या गटात होती. समोर आली की दोघी एकाच वेळी आपापल्या पिशवीत काहीतरी शोधू लागत.

म्हणून या वर्षी धाकटीने मनाशी ठरवलं होतं: तोंड बंद. कुणाला काही सांगायचं नाही. पण प्रकल्पही बुडून चालणार नव्हता. चौघांना मिळून एकच श्रेणी मिळणार होती, आणि गेल्या वर्षीच्या त्या कशाबशा गुणांवर पुढच्या शिक्षणाची जागा मिळण्यातली नव्हती. या वर्षीचा प्रकल्प चांगला झाला तरच मिळणार होती. म्हणजे बोललं तर माणसं जाणार, न बोललं तर जागा जाणार. या दोन्हींच्या मधली वाट कुठली, ते तिला कळत नव्हतं.

दर आठवड्याला मॅडम टेबलाटेबलाशी येऊन विचारत, "काही तक्रार?" श्रेणीत सहकार्यालाही गुण होते. इतर गट तक्रारींचा पाऊस पाडत: हा येत नाही, ती ऐकत नाही. हे चौघं एका सुरात म्हणत, "नाही मॅडम." मॅडम भुवई उचलून बरणीकडे बघत, मग आलेखाकडे बघत आणि काही न बोलता पुढे जात. गटाला स्वतःचा अभिमान वाटे.

त्या दिवशी दुपारी चौघं बरणीभोवती जमले. खोली तशी लहानच. प्रयोगशाळेच्या मागची, एक खिडकी, एक टेबल, भिंतीला लागून रसायनांचं कपाट, आणि कितीही घट्ट पिळला तरी थेंब थेंब गळणारा नळ.

"हवा दमट असेल," लांब्या म्हणाला.

"असेल," ताई म्हणाल्या. "किंवा कोरडी असेल."

"दोन्ही कशी असेल ताई?"

"एकदा ही, एकदा ती. आलेखही तसाच आहे ना?"

"तुरटीच भेसळीची असेल," बातमीदार म्हणाला. "पलीकडच्या गटाचं ते काचेचं नळकांडं पण..."

"त्यांचं राहू दे," धाकटी पटकन म्हणाली.

"बरं, मग काय करायचं?"

"तुम्ही सांगा ना ताई."

"मी काय सांगू? तूच सांग."

"नाही, तुम्हाला वाटेल तसं."

"मला काहीही चालेल," लांब्या म्हणाला.

"मलासुद्धा," बातमीदार म्हणाला.

असं सगळ्यांना सगळं चालत असताना कुणीच काही केलं नाही. निघताना ताई म्हणाल्या, "आपला गट किती गुणी आहे बघा. त्या बाजूला कालच रडारड झाली." सगळे हसले. धाकटीही हसली. पण बरणी आज टेबलाच्या कडेला का होती, हे तिला कळेना. काल तिने ती मधोमध ठेवली होती. सफाईवाले हलवत असतील, असं म्हणून तिने ती पुन्हा मधोमध सरकवली.

सगळे गेल्यावर ती परत आली. तिच्या पिशवीत एका बाटलीत संपृक्त द्रावण होतं. पाण्यात तुरटी घालत जायची. आता आणखी विरघळणारच नाही म्हटलं की थांबायचं, गाळून घ्यायचं आणि गार होऊ द्यायचं. असं द्रावण स्फटिकाला खात नाही. ती गेले काही दिवस रोज थोडं थोडं बरणीत घालत होती. तळाशी बारीक खडे जमलेले दिसले की गाळून काढत होती. एकदा बरणीवर ताटली झाकलेली दिसली, तीही तिने काढून ठेवली. झाकलं तर पाणी उडणार कसं? कुणी झाकली असेल हा प्रश्न तिला पडला होता, नाही असं नाही. पण विचारलं तर ते विचारणं वाटलं नसतं, जाब वाटला असता. त्यापेक्षा आपलं आपण नीट करून टाकावं. कुणाला दुखवायला नको.

दुसऱ्या दिवशी खडा आणखी लहान होता, आणि वर दोऱ्याला बारीक बारीक मणी लगडले होते. एकाच बरणीत एकाच वेळी विरघळायचं आणि जमायचंही! तिचं डोकं गरगरायला लागलं. तापमान मोजावं म्हणून थर्मामीटर घातला, तर तेही नीट. द्रावणाची चव घेऊन बघावी असासुद्धा एक वेडा विचार मनात येऊन गेला.

घरी पोहोचली तर दारात कपाट. अक्षरशः दारात, अर्धं आत, अर्धं जिन्यावर. आतल्या टोकाला बाबा, बाहेरच्या टोकाला दादा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, दादा त्यांच्याच हाताखाली काम शिकत होता. दोघंही दिवसभर जड वस्तू वरखाली करणारे, पण घरचं एक कपाट त्यांना दारातून आत येईना.

"तू म्हण, मग मी उचलतो," बाबा म्हणत होते.

"तुम्ही म्हणा ना. तुमच्या बाजूला कोपरा आहे."

"माझ्या कोपऱ्याचं सोड, तुझ्याकडे वजन आहे."

"म्हणून तर म्हणतोय, तुम्हाला जमेल तेव्हा."

"मला केव्हाही जमेल रे."

"मग उचलू?"

"बघ बाबा. तुला वाटतंय तर उचल."

धाकटी जिन्यात उभी. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली जायला थांबलेल्या. कपाट एकदा बाबांच्या बाजूने उचललं जाई तेव्हा दादाची बाजू जमिनीवर असे, आणि दादाने उचललं की बाबांनी नुकतंच टेकवलेलं असे.

शेवटी आतून आईचा आवाज आला. आई बस डेपोत गाड्या सोडायच्या कामावर होती आणि तिचा आवाज फाटकापर्यंत जाणारा होता. "झालं का तुमचं पहले आप, पहले आप? दोघांनी ऐका. तिरकं करा. डावीकडे. आता मी म्हणेन तेव्हा. एक, दोन, उचला!"

कपाट उचललं गेलं, तिरकं झालं, आत आलं, आणि येता येता चौकटीला घासून त्याचा एक भलामोठा टवका उडाला.

"बघ!" बाबा म्हणाले. "घाई केलीस ना."

"मी केली?"

"तूच म्हणालीस ना डावीकडे," दादा म्हणाला.

"बरं, माझ्यामुळे टवका उडाला. आणि कपाट कुणामुळे आत आलं?"

त्यावर दोघं कपाट भिंतीला लावू लागले. काकू हसत खाली उतरल्या. जेवताना बाबांनी दोनदा टवक्याचा विषय काढला, आईने दोन्हीदा आमटी वाढायच्या निमित्ताने तो बुडवला.

भांडी आवरताना धाकटीने विचारलं, "आई, तुला राग नाही आला?"

"कशाचा?"

"तू केलंस आणि तुलाच बोलले."

"अगं, जो 'उचला' म्हणतो त्यालाच बोलतात. दारात उभ्या असलेल्या माणसाला काय बोलणार?" मग ती म्हणाली, "पण खरं सांगू का, डावीकडे म्हणण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं. चौकट तिथे पुढे आलेली आहे, ते यांना माहीत होतं. मी आतून काय बघणार?"

धाकटीला कळेना की हे आपल्या बाजूचं बोलणं झालं की आपल्या विरुद्ध.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात ती मैत्रीण समोरून आली. जिना अरुंद, दोघींच्या हातात काचेचं सामान; पिशवीत काही शोधायची सोय नव्हती. मैत्रीण थांबली. धाकटीही थांबली.

"तुझा खडा कसा आहे?" मैत्रिणीने विचारलं. तिचं हे इतक्या महिन्यांतलं पहिलं वाक्य.

"लहान होतोय."

"लहान? मग तू काय करतेयस?"

"काही नाही. म्हणजे, काही बोलत नाही. या वेळी मी कुणालाच काही सांगत नाही," धाकटी म्हणाली, आणि आपण हे असं का सांगतोय हे तिलाच कळेना. "गेल्या वर्षीसारखं नको म्हणून."

मैत्रिणीने विचारलं, "गेल्या वर्षीसारखं म्हणजे कसं?"

"मी सारखं हुकूम सोडायचे ना."

"हुकूम?" मैत्रीण हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "हुकमाचं काय गं, ते तर आम्ही दात काढत ऐकायचो. मला राग कशाचा आला माहितेय? मी दिवसभर बसून आकडे मांडायचे आणि तू घरी जाऊन ते पुन्हा मांडायचीस. न सांगता. मला वाटायचं माझे आहेत. एकदा मी अहवाल उघडला तर त्यात माझं एक अक्षर नव्हतं. तू काही बोलली असतीस, भांडली असतीस, तर चाललं असतं. तू नुसतं पुसून टाकायचीस."

"पण त्यात चूक होती."

"असेल. मला कळली असती तर मी सुधारली असती. तेवढं तर येत होतं मला."

खालून कुणीतरी वर येत होतं. मैत्रीण बाजूला झाली. "जाऊ दे. उशीर होतोय," म्हणाली आणि निघून गेली. रागात होती की बरं वाटलं होतं, पाठीवरून कळण्यासारखं नव्हतं.

धाकटी तिथेच उभी राहिली. वर्षभर ती एका गोष्टीपासून सांभाळून राहिली होती, आणि ती गोष्ट दुसरीच निघाली. आणि ती दुसरी गोष्ट ती आता रोज करत होती, बाटली पिशवीत घालून.

वर्ग बुडवून ती थेट मागच्या खोलीत गेली. दार लोटलेलं होतं. आत ताई होत्या, पाठमोऱ्या. त्यांच्या हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली होती आणि त्या अगदी सावकाश, डोळे बरणीच्या पातळीला आणून, खुणेच्या रेघेपर्यंत पाणी घालत होत्या.

"ताई!"

ताई दचकल्या. थोडं पाणी टेबलावर सांडलं. "अगं, काही नाही. रोज रेघेखाली जातं ना ते, म्हणून भरून ठेवते. दुकानात पातळी खाली दिसली की मालक रागावतात. म्हटलं तुम्हा मुलांचं लक्ष नसेल, उगाच बोलून कशाला दाखवायचं."

"रोज?"

"रोज दुपारी. का गं?"

पाणी उडून जायला हवं म्हणून तर सगळा खटाटोप. साधं पाणी ओतलं की खडा विरघळणारच. पण ताईंचा चेहरा इतका कामसू, इतका निरागस होता की तिच्या तोंडून निघालं, "काही नाही ताई." आणि ते शब्द तोंडातून निघता निघता तिला मैत्रिणीचं हसू आठवलं. "म्हणजे, काही नाही असं नाही," ती म्हणाली. "ताई, पाण्याने खडा विरघळतो."

"अगं बाई!" ताईंनी तोंडावर हात ठेवला. "पण मग वाढला कसा मधूनमधून?"

याचं उत्तर दारातून आत आलं. लांब्या होता. हातात कागदाची पुडी, तीत तुरटीची पूड. दोघींना पाहून त्याने पुडी खिशात घालायचा प्रयत्न केला आणि खिसा पांढरा करून घेतला.

"तू काय करतोयस?" दोघींनी एकदम विचारलं.

"काही नाही."

"लांब्या."

"थोडी घालतो," तो म्हणाला. "रोज सकाळी, आज राहिलं होतं. खडा लहान दिसला की. आणि ढवळतो. मला वाटलं सुरुवातीला माझ्याच हातून कमी पडली असेल. मोजणारा मीच होतो ना."

"आणि ढवळल्यावर खडा दोऱ्यावर गोल गोल फिरत असेल!"

"फिरतो," लांब्या म्हणाला. "छान दिसतो."

ताईंना हसू फुटलं. धाकटीला हसावं की रडावं कळेना. "मग झाकण कोण ठेवतं?"

"कसलं झाकण?"

"ताटली. बरणीवर."

"आणि बरणी खिडकीत कोण ठेवतं?" ताई म्हणाल्या. "मी आले की खिडकीत असते. मी उचलून कडेला ठेवते, मग पाणी घालते."

"मी आलो की मधोमध असते," लांब्या म्हणाला.

"ती मी ठेवते," धाकटी म्हणाली.

बरणी दिवसभर खोलीभर फिरत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं ती सफाईवाले हलवतात.

एवढ्यात बातमीदार आला. येता येताच बोलत होता, "ऐकलंत का, पलीकडच्यांनी मॅडमना..." आणि तिघांचे चेहरे पाहून थांबला. "काय झालं? फुटली?"

"खिडकीत तू ठेवतोस?" धाकटीने विचारलं.

"उन्हात," तो म्हणाला. "लवकर सुकेल म्हणून. आणि ऊन उतरलं की धूळ जाऊ नये म्हणून झाकतो. का? मला वाटलं, मी नुसता बोलतो, करत काही नाही, असं तुम्हाला वाटत असेल. म्हणून."

"ऊन लागलं की द्रावण गरम होतं," धाकटी म्हणाली, "आणि गरम झालं की विरघळतं."

"आणि तू? तू काय करतेस?"

आता तिघं तिच्याकडे बघत होते. तिने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "मी रोज संध्याकाळी हे घालते. संपृक्त. आणि तळ गाळते. आणि तुझं झाकण काढते. आणि बरणी मधे ठेवते."

"म्हणजे," बातमीदार हळूच म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच बातमी सांगायचा नव्हता, "मी जे करतो ते तू रोज निस्तरतेस?"

"मला माहीत नव्हतं ते तू करतोस."

"पण कुणीतरी करतंय हे माहीत होतं ना? ताटली काय आपोआप उडून बसते?"

ते खरं होतं.

"तू सांगायचंस की," तो म्हणाला. "मला सोडून सगळ्यांना सगळं येतं, तर मला सांगायचं तरी."

"अरे, मलाही सांगितलं नाही," ताई म्हणाल्या. "मी तर पाणी ओतत होते."

"तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला कोण सांगणार?"

"का? मोठ्यांना कान नसतात?" ताईंचा आवाज चढला. "मी रोज सकाळी दुकानात माझ्या निम्म्या वयाच्या मालकाचं ऐकते. तुमचं ऐकलं नसतं होय?"

लांब्या म्हणाला, "पण मग आता आलेख कशाचा आहे?"

त्याच्या या प्रश्नावर सगळे भिंतीकडे वळले. करवतीचे दात. खरंच, तो कशाचा आलेख होता? स्फटिकाचा नव्हता. पाणी, पूड, ऊन आणि बाटली, यांपैकी त्या दिवशी कुणाचा हात शेवटी लागला, त्याचा होता. ते चौघं इतके दिवस एकमेकांनाच मोजत होते, आणि मोजतोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ऊन आणि पाणी एकाच दिवशी पडलं असेल तो हा खड्डा," लांब्या बोट ठेवून म्हणाला. आणि मग स्वतःशीच, "हा उंचवटा माझा असेल का?"

"तुझा नाही, हिचा," ताई म्हणाल्या.

"असू दे."

बातमीदार अजून घुश्श्यातच होता, पण तोही वाकून बघायला लागला. ताई सांडलेलं पाणी पुसू लागल्या. धाकटीने पेन्सिल उचलली. खडा वर आला, ओला, चकाकता, कोपऱ्यांशी गोल. पाण्याचा थेंब खाली पडला.

"आता काय करायचं?" ताईंनी विचारलं. "हाच ठेवायचा की नव्या बारीक खड्याचं बी टाकायचं?"

"ताई, तुम्ही सांगा," बातमीदार म्हणाला, सवयीने.

"मी नको, मला पातळी कळते फक्त. लांब्या?"

"मला काहीही चालेल."

आणि तिघांनी धाकटीकडे पाहिलं, अगदी पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं. मैत्रीण म्हणाली ते खरं, की आई म्हणाली ते, की दोन्ही एकच, हे अजूनही तिला नीट उलगडलं नव्हतं. कदाचित बातमीदार उद्या बोलणार नाही. कदाचित हेडमास्तरीण हे नाव परत येईल, आणि या वेळी ते या तिघांच्या तोंडी असेल. खडा हातात लटकत होता आणि तो उचलून धरणाऱ्या हाताला आता रग लागली होती.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. आवाज जरा वरच लागला, तिने तो खाली आणला नाही. "पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. प्रमुख कशाला लागतो, असं मी म्हणाले होते ना, ते खोटं होतं. मला व्हायचं होतं. मला व्हायचंय. प्रमुख मी होते. हा खडा टाकून नवीन बी लावायचं, बरणी मधे, झाकण नाही, आणि जे करायचं ते चौघांसमोर बोलून करायचं. चुकलं तर मला तोंडावर सांगा. आणि मी कुणाचं काम पुन्हा करताना दिसले, न विचारता, तर बाटली माझ्या हातातून काढून घ्या."